ठिपका हलत नाही, तेव्हा: गिधाडांच्या मागावरून विषप्रयोग कसा पकडायचा

मे २०२५ च्या पहिल्या आठवड्यात दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात, महलांगेनी विभागात, एका मेलेल्या हत्तीभोवती १२३ गिधाडं मरून पडली होती. चोरट्या शिकाऱ्यांनी हत्तीच्या मढ्यावर शेतीचं कीटकनाशक टाकलं होतं. मेलेल्यांत १०२ पांढरपाठी गिधाडं, २० केप गिधाडं आणि एक लॅपेट-फेस्ड. आकडा वाचून पोटात गोळा येतो, पण या घटनेत दुसराही एक आकडा आहे. त्याच जागेवरून ८४ गिधाडं जिवंत उचलली गेली. कुणाला हेलिकॉप्टरने, कुणाला खास बनवलेल्या गिधाडांच्या रुग्णवाहिकेतून उपचाराला नेलं.

ही जागा गस्तीवरच्या माणसाला योगायोगाने दिसलेली नव्हती. 'एन्डेंजर्ड वाइल्डलाइफ ट्रस्ट' ही तिथली संस्था काही गिधाडांच्या पाठीवर जीपीएस टॅग लावते आणि त्यांच्या हालचालींवर लक्ष ठेवते. 'आय इन द स्काय' असं त्या यंत्रणेचं नाव. नकाशावरच्या ठिपक्यांचं वागणं बिघडलेलं दिसलं आणि माणसं निघाली.

या लेखात ते काम पायरी-पायरीने मांडलं आहे. वनकर्मचारी, पशुवैद्यक, गिधाडांवर काम करणारे गट आणि वन्यजीव शास्त्राचे विद्यार्थी यांना समोर ठेवून लिहिलंय. सर्वसामान्य वाचकाने काय करायचं तेही शेवटी आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. अशा प्रकल्पांच्या बातम्यांत सगळं कौतुक टॅगचं होतं. माझ्या मते टॅग हे या कामातलं सर्वांत सोपं अंग. ठिपका थांबल्यापासून माणूस तिथे पोचेपर्यंत किती तास गेले, यावर सगळं ठरतं.

आधी विष टाकणारा ओळखा

कोण विष टाकतंय हे माहीत असल्याशिवाय टॅग कुठे लावायचे आणि कुठल्या भागात डोळ्यांत तेल घालून बसायचं हे ठरत नाही.

आफ्रिकेत पहिला मान हस्तिदंताच्या चोरांचा. हत्ती मारून सुळे काढायला वेळ लागतो आणि तेवढ्यात आभाळात गिधाडं घिरट्या घालू लागतात. वनरक्षकांना ती कित्येक किलोमीटरवरून दिसतात. म्हणजे गिधाड ही शिकाऱ्याच्या डोक्यावरची शिट्टी. ती बंद करायची म्हणून मढ्यावर विष टाकतात. आजचा हत्ती तर गेलाच, पण पुढच्या वेळी वर फिरायला कुणी उरू नये, हा हिशोब. २०१२ ते २०१४ या काळात आफ्रिकेतल्या सात देशांत अशा ११ घटनांची नोंद झाली. त्यांत १५५ हत्ती आणि २,०४४ गिधाडं मेली. जून २०१९ मध्ये बोट्स्वानात एकाच घटनेत ५३७ गिधाडं मेली; तिथे मढी होती फक्त तीन हत्तींची.

दुसरा प्रकार पशुपालकांचा. सिंहाने किंवा तरसाने गाय मारली, तर उरलेल्या मांसावर कार्बोफ्युरान या कीटकनाशकाचे दाणे पेरले जातात. राग सिंहावर, मरतं गिधाड. केनियाच्या मसाई मारा भागात हे फार जुनं दुखणं आहे.

तिसरा प्रकार श्रद्धेचा. गिधाडाचं डोकं किंवा मेंदू जवळ ठेवला तर पुढचं दिसतं, असा समज आफ्रिकेच्या बऱ्याच भागांत आहे. २०१९-२० मध्ये गिनी-बिसाऊत दोन हजारांहून जास्त हूडेड गिधाडं विषाने मारली गेली, ती यासाठीच. इथे गिधाड हेच लक्ष्य असतं. त्यामुळे मेलेल्या पक्ष्यांची डोकी गायब असतील तर तपासाची दिशा तिथेच बदलते.

भारतात चित्र वेगळं आहे. मार्च २०२२ मध्ये आसामच्या कामरूप जिल्ह्यात छयगावजवळ सुमारे शंभर गिधाडं मेलेली सापडली. भटक्या कुत्र्यांचा बंदोबस्त करायला म्हणून शेळीच्या मढ्यात विष भरलेलं असावं, असा संशय होता. २०१९ मध्ये शिवसागरलाही असंच घडलं होतं. आपल्या विदर्भात वाघाने मारलेल्या जनावरावर कीटकनाशक टाकल्याच्या घटना झाल्यात. तिथे गिधाडं विरळ आहेत म्हणून ती मेल्याची बातमी येत नाही, एवढंच.

आणि डायक्लोफेनॅक? ते या यादीत बसत नाही, कारण त्यात हेतू नाही. जनावराला दिलेलं वेदनाशामक मढ्यात उरतं आणि गिधाडाची मूत्रपिंडं निकामी करतं. २००४ मध्ये हे कारण सिद्ध झालं, २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. पण ठिपके वाचताना हा फरक कामी येतो, म्हणून लक्षात ठेवा. कीटकनाशकाने गिधाड मढ्याजवळच कोसळतं. डायक्लोफेनॅकने ते एक-दोन दिवसांनी, मढ्यापासून दूर, आपल्या रातनिवाऱ्याच्या झाडाखाली किंवा कड्याखाली मरतं. ठिपका कुठे थांबला यावरून विषाची जात कळू शकते.

टॅग: किती, कुठला, कसा

परवानगीपासून सुरुवात करा. भारतातली जिप्स प्रजातीतली (हा गिधाडांचा एक शास्त्रीय गट) गिधाडं वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. संशोधनासाठी पकडायलाही कलम १२ खाली परवानगी लागते आणि तिला केंद्राची मान्यता हवी असते. हौसेने करायचं हे काम नाही.

गिधाडं एकमेकांवर नजर ठेवून अन्न शोधतात. एक खाली उतरलं की दोन-चार किलोमीटरवरचं दुसरं वळतं, त्याला पाहून तिसरं. त्यामुळे दर शंभरात एकाच्या पाठीवर टॅग असला तरी तो एक ठिपका तुम्हाला अख्ख्या थव्यापाशी नेऊ शकतो. थोडे टॅग, पण वेगवेगळ्या वसाहतींतल्या पक्ष्यांवर, असं वाटप करा. एकाच कड्यावरच्या दहा गिधाडांना दहा टॅग लावणं म्हणजे एकाच गल्लीत दहा पहारेकरी उभे करणं.

टॅगचं वजन पट्ट्यांसकट पक्ष्याच्या वजनाच्या ३ टक्क्यांच्या आत ठेवायचा सर्वमान्य दंडक आहे. पाच किलोच्या गिधाडाला ही मर्यादा १५० ग्रॅम येते. आजचे सौर पॅनेलचे टॅग त्याहून बरेच हलके असतात, तेव्हा मर्यादेच्या काठावर जाण्याचं कारण नाही. माहिती पाठवण्याचे मुख्य मार्ग दोन: मोबाइल नेटवर्क किंवा उपग्रह. मोबाइलचा टॅग स्वस्त आणि भरपूर नोंदी पाठवणारा, पण दाट जंगलात रेंज गेली की नोंदी साठवून ठेवतो आणि रेंज आल्यावर एकदम ओततो. इतर संशोधनाला हे चालतं. विषबाधेच्या कामात मात्र काल दुपारची नोंद आज संध्याकाळी मिळून उपयोग काय? ज्या भागात टॅग लावणार तिथला रेंजचा नकाशा आधी पायी फिरून तयार करा. रेंज नसलेले पट्टे मोठे असतील तर निदान काही टॅग उपग्रहाचे घ्या.

टॅगमध्ये त्वरणमापक हवाच. तो धडाचे हेलकावे मोजतो. मांस ओढताना गिधाडाचं अंग ज्या झटक्यांनी हलतं ते झाडावर बसलेल्या किंवा तरंगणाऱ्या पक्ष्याच्या हालचालीपेक्षा वेगळे असतात. बर्लिनच्या लाइबनित्स वन्यजीव संशोधन संस्थेच्या गटाने नामिबियात पांढरपाठी गिधाडांवर हेच वापरून संगणकाला 'आता हा खातोय' हे ओळखायला शिकवलं. नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा ते बरोबर येतं.

पकडणं आणि टॅग बसवणं हे अनुभवी हातांचं काम, लेख वाचून शिकायचं नाही. तीन गोष्टी मात्र तपासून घ्या. पट्टे टेफ्लॉनच्या रिबिनीचे असावेत. पट्ट्यांच्या जोडावर काही काळाने कुजून तुटेल असा सुती धागा असावा, म्हणजे टॅग जन्मभर लटकत राहत नाही. आणि गळ्याखालची पिशवी, म्हणजे अन्नपोट, भरल्यावर पट्टा काचणार नाही इतकी ढील असावी. रिकाम्या पोटी मापलेला पट्टा जेवणानंतर फास होतो. टॅगबरोबर पंखावर ठळक क्रमांकाची पट्टीही लावा. दक्षिण आफ्रिकेत ती पिवळी असते आणि पर्यटकांनी काढलेल्या फोटोंमधूनही नोंदी मिळतात.

ठिपके वाचायला शिका

संगणक इशारा देईल, पण नेमलेल्या माणसाला पक्ष्याचा दिनक्रम पाठ हवा. पहिले दोन-तीन महिने इशाऱ्यांची घाई करू नका. प्रत्येक गिधाडाचं नेहमीचं वागणं लिहून काढा.

गिधाड पहाटे उडत नाही. जमीन तापून हवेचे गरम झोत वर उठू लागले की, म्हणजे उन्हाळ्यात साधारण आठ-नऊनंतर, ते निघतं. पावसाळी, ढगाळ दिवशी ते अख्खा दिवस कड्यावर बसून काढेल. तेव्हा 'सकाळपासून हललं नाही' ही बातमी जूनमध्ये आणि एप्रिलमध्ये सारखी नसते. अंडं उबवणारं गिधाडही एकाच जागी दिवस-दिवस बसतं. मग जोडीदार येतो आणि पाळी बदलते. अंडं वर्षाला एकच.

नकाशावर आधी या जागा रंगवून ठेवा: रातनिवारे, घरटी, आंघोळीची पाणवठ्याची ठिकाणं, ढोरं टाकायच्या जागा आणि गिधाडांसाठी मुद्दाम चालवलेली 'उपाहारगृहं', म्हणजे त्यांना सुरक्षित मांस घालायच्या जागा. इथे ठिपका थांबला तर ते रोजचंच. या जागांच्या बाहेर थांबला तर डोळे उघडायचे.

आता एक नेहमीचा दिवस पाहू. समजा, सात क्रमांकाचं गिधाड नऊ वाजता उठलं, हजार-बाराशे मीटर उंचीवर तरंगत राहिलं. पावणेअकराला त्याची उंची दहा मिनिटांत जमिनीला टेकली. पुढच्या दीड तासात सगळे ठिपके तीस-चाळीस मीटरच्या आत. त्वरणमापक सांगतोय, खातंय. साडेबाराला ते जवळच्या झाडावर किंवा पाण्याकाठी गेलं, तिथे तास-दोन तास सुस्त बसलं आणि तीनच्या सुमारास पुन्हा वर उठलं. हे साधं मढं. तरीही त्याची जागा नोंदवा, कारण मढं म्हणजे कुणीतरी मेलंय, आणि का मेलं हे माहीत नाही.

आता बिघडलेला दिवस. पावणेअकराला तसंच उतरलं, खाल्लं. साडेअकराला दीडशे मीटर सरकलं आणि थांबलं. त्वरणमापकावर आधी विस्कळीत झटके, मग काहीच नाही. बाराला अकरा क्रमांकाचं गिधाड त्याच ठिकाणी उतरलं आणि पाऊण तासात तेही गप्प झालं. कार्बोफ्युरानसारखं विष मिनिटांत ते काही तासांत काम करतं, त्यामुळे पक्षी लांब जाऊच शकत नाहीत. टॅग वेगळे, पण मौन एका जागचं: याहून स्पष्ट इशारा नाही. इथे संध्याकाळची वाट पाहायची नाही.

एकच पक्षी थांबला असेल तर गोंधळ होतो. मग जास्तीच्या खुणा पाहा. नोंदींची संख्या अचानक घटली, तर टॅग पक्ष्याच्या अंगाखाली दबला असेल, ऊन मिळत नसेल. टॅगमध्ये तापमान नोंदत असेल आणि ते रात्री हवेइतकं खाली उतरलं, तर अंगाची ऊब संपलेली आहे. कधी टॅगच गळून पडलेला असतो. कधी कारण विषाचं नसतंच: ताडोबात टॅग लावून सोडलेलं एक गिधाड २०२४ मध्ये राज्यामागून राज्य ओलांडत तामिळनाडूपर्यंत गेलं आणि तिथे विजेच्या धक्क्याने मेलं. वीजवाहिनीचा नकाशा ठिपक्यांखाली टाकून ठेवला तर असा मृत्यू लवकर ओळखू येतो.

खोट्या इशाऱ्यांबद्दल एक कडू गोष्ट. चारपाच वेळा मैलोनमैल तुडवून गेल्यावर फक्त सिंहाची किंवा वाघाची साधी शिकार निघते आणि मग सहाव्या इशाऱ्याला 'उद्या बघू' होतं. विष नेमकं त्या सहाव्या वेळी असतं. यावर उपाय एकच: प्रत्येक फेरीची नोंद 'फुकट गेली' अशी न करता मढ्याची नोंद म्हणून करा. कुठलं जनावर, कशाने मेलं, किती गिधाडं होती. वर्षभरात त्यातून जंगलातल्या मृत्यूंचा असा नकाशा तयार होतो जो कुठल्याही गस्तीने मिळत नाही.

आणि ठिपक्यांना कुलूप लावा. जिवंत नकाशा फार थोड्या माणसांकडे असावा. घरट्यांच्या जागा, रातनिवारे समाजमाध्यमांवर टाकायचे नाहीत. दाखवायचेच तर काही आठवडे जुने. हा बागुलबुवा नाही. २०१३ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका कॉलर लावलेल्या वाघाची ठिकाणं ज्या ईमेल खात्यावर येत, ते खातं पुण्यातून उघडण्याचा प्रयत्न झाल्याचं उघडकीला आलं होतं.

कोण धावणार, हे आधीच ठरवा

इशारा आल्यावर फोन कुणाला लावायचा याची चर्चा सुरू झाली तर दिवस गेला. एका कागदावर लिहा: ठिपके कोण बघतो, सुट्टीच्या दिवशी कोण बघतो, त्या बीटचा वनरक्षक कोण, वनपरिक्षेत्र अधिकारी कोण, पशुवैद्यक कोण, गाडी कुणाची. रविवार आणि सण यांची पाळी वेगळी लावा. विष टाकणाऱ्याला सुट्टीचा दिवस आवडतो.

गाडीत एक पेटी कायम भरलेली ठेवा. नायट्रिलचे हातमोजे (दोन जोड एकावर एक घालायला पुरतील इतके), मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे, गमबूट, साबण, भरपूर पाणी, ताडपत्री, जुने टॉवेल, हवा खेळती राहील अशा पेट्या किंवा खोकी, काचेच्या बरण्या, ॲल्युमिनियम फॉइल, लेबलं, न पुसणारं पेन, मोहोर लावायचं साहित्य, बर्फाची पेटी. पशुवैद्यकाकडे ॲट्रोपीन (अशा कीटकनाशकांवरचा उतारा), सक्रिय कोळसा (पोटातलं विष शोषून घेणारा) आणि सलाईन. ॲट्रोपीनची मुदत दर तीन महिन्यांनी तपासा. ऐन वेळी जुनी कुपी निघाली तर ती नसल्यासारखीच.

जागेवर पोचल्यावर

आफ्रिकेत आधी सशस्त्र वनरक्षक जातात, कारण शिकारी जवळपास असू शकतो. आपल्याकडे तशी वेळ कमी, तरी गणवेशातला माणूस पुढे असावा आणि कुणी एकट्याने जाऊ नये.

वारा पाठीवर घेऊन, म्हणजे वाऱ्याच्या वरच्या बाजूने जा. हातमोजे गाडीतून उतरतानाच घाला. ही विषं कातडीतूनही अंगात जातात. तिथे खाणं-पिणं नाही, बिडी नाही आणि तंबाखू तर मुळीच मळायची नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण आपल्याकडे तळहातावर चुना-तंबाखू मळणं ही विचार न करता होणारी गोष्ट आहे. हात पुसले असं म्हणून भागत नाही. कुणाला लाळ सुटली, दरदरून घाम आला, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या, स्नायू थरथरू लागले किंवा दम लागला तर काम थांबवा. कपडे काढून अंग साबणाने धुवा आणि थेट दवाखाना गाठा. डॉक्टरांना 'कीटकनाशक' हा शब्द पहिल्या वाक्यात सांगा.

पहिलं काम: मढं झाकणं. झाडांवर अजून गिधाडं बसलेली असतील, वर घिरट्या चालू असतील. एक माणूस त्यांना हुसकायला लावा, मढ्यावर ताडपत्री टाका. फोटो त्याआधी घ्या, पण दोन मिनिटांत. पंचनाम्याला वेळ लागेल आणि तेवढ्यात आणखी वीस उतरतील.

दुसरं काम: जिवंत कोण आहेत ते शोधणं. मेलेल्यांना घाई नसते. मढ्यापासून गोल-गोल बाहेर जात किमान अर्धा किलोमीटर पाहा. झुडपांच्या बुडाशी, ओढ्यात, पाण्याकाठी. विष लागलेले पक्षी सावलीकडे आणि पाण्याकडे जातात. स्पेनमध्ये अंदालुसिया प्रांतात २००४ पासून यासाठी खास शिकवलेली कुत्री वापरतात. त्यांच्या नाकापुढे आपले डोळे म्हणजे काहीच नाहीत.

मग विषाच्या खुणा. सुरुवातीलाच काही दिसतात: एकाच मढ्याभोवती गिधाडं, कोल्हे, कावळे, कुत्री असे वेगवेगळे जीव एकत्र मेलेले. पंजे आवळलेले. अन्नपोट भरलेलं, म्हणजे पक्षी जेवत असतानाच गेला. मढ्यावर माश्या नसणं किंवा मेलेल्या माश्यांचा थर असणं ही सगळ्यांत बोलकी खूण, आणि नवख्या माणसाच्या ती हमखास नजरेतून सुटते. मांसाच्या खाचांत जांभळे, निळे किंवा काळे दाणे. जवळपास रिकामी पिशवी, बाटली, चाकूचे वार. ज्याला आपल्याकडे शेतकरी थिमेट म्हणतात ते फोरेट, त्याची विक्री २०२० अखेर बंद झाली, पण जुना साठा कुठल्या गोठ्याच्या आढ्यावर पडून असेल सांगता येत नाही.

जिवंत पक्षी हातात आल्यावर

टॉवेल टाकून डोळे झाका. अंधार झाला की गिधाड शांत होतं. डोक्यामागची मान एका हाताने धरा, कारण चोच मांस फाडण्यासाठीच बनलेली आहे. पंख अंगाला लावून दुसऱ्याने धरावं. चोचीत पाणी ओतू नका. विषबाधा झालेला पक्षी गिळू शकत नाही. ते पाणी फुफ्फुसात जातं. अन्नपोट रिकामं करणं, कोळसा देणं, ॲट्रोपीनचा डोस ठरवणं, हे पशुवैद्यकाचं काम. तोवर पक्षी सावलीत, उभ्या अवस्थेत, हवा लागेल अशा पेटीत ठेवा. एका पेटीत एकच. डिकीत आडवं टाकून नेलेलं गिधाड बहुतेक वाटेतच ओकतं आणि तेच श्वासात जाऊन मरतं.

पेटीवर क्रमांक, सापडल्याची वेळ आणि जागा लिहा. गडबडीत सगळे पक्षी सारखेच दिसतात आणि नंतर कुठला किती वेळ विषात होता हे सांगता येत नाही.

पुरावा

खटला उभा राहतो तो प्रयोगशाळेच्या अहवालावर. कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच विष घालणं येतं आणि अनुसूची १ मधल्या प्राण्यासाठी तीन ते सात वर्षांची कैद आहे. पण नमुना बिघडला तर हे सगळं कागदावर राहतं.

सर्वांत महत्त्वाचा नमुना अन्नपोटातल्या मांसाचा, कारण तिथे विष अजून पचलेलं नसतं. त्यानंतर मढ्यावरचं दाणे लागलेलं मांस, यकृत, जवळची माती, सापडलेली पिशवी. काचेच्या बरणीत किंवा फॉइलमध्ये घालून बर्फात ठेवा आणि लवकरात लवकर गोठवा. विषाच्या तपासणीचा नमुना फॉर्मॅलिनमध्ये बुडवायचा नाही. सवयीने हात तिकडे जातो. प्रत्येक नमुन्याचे दोन संच करा, मोहोर लावा, कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेला ते सहीनिशी लिहा. शवविच्छेदन पशुवैद्यकानेच करायचं आणि व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले आतले अवयव) न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जायचा. पाठवताना 'विषबाधेचा संशय' एवढंच न लिहिता 'कार्बामेट किंवा ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाचा संशय' असं लिहा, म्हणजे शोध कशाचा घ्यायचा हे तिथल्या माणसाला कळतं.

पंचनामा झाला की मढं नष्ट करायचं, तेही त्याच दिवशी. विष टाकलेलं मांस, मेलेली गिधाडं, रक्ताने भिजलेली माती, सगळं. मेलेलं गिधाड हे पुढच्या कोल्ह्यासाठी विषारी मढंच असतं. पूर्ण राख होईपर्यंत जाळा, धुराच्या वाऱ्याखाली उभे राहू नका. हत्ती जाळायला लाकडाचे डोंगर लागतात. बैल जाळायला किंवा खोल पुरायला आपल्याकडे जेसीबी मिळतो, तेवढं आपलं नशीब.

दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. रात्री जिवंत असलेले काही पक्षी पहाटेला पडलेले सापडतात.

टॅग नसलेल्या माणसाने काय करायचं

महाराष्ट्रात गिधाडं कोकणात, नाशिककडे, गडचिरोलीत तग धरून आहेत आणि टॅग लावलेली थोडी. बाकीच्यांवर नजर ठेवायला गुराखी, ढोरं नेणारे, ट्रेकर, रस्त्याने जाणारे तुम्ही-आम्हीच. एकाच ठिकाणी दोनपेक्षा जास्त पक्षी किंवा प्राणी मेलेले दिसले तर हात लावू नका, कुत्रं जवळ जाऊ देऊ नका. वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. सांगताना क्रम असा ठेवा: गाव आणि शिवार, मोबाइलवरचं नेमकं लोकेशन, कुठले जीव, किती, त्यातले जिवंत किती, मढं कशाचं, वेळ. फोटो काढा, पण गावच्या ग्रुपवर टाकू नका. ज्याने विष टाकलं तो बहुतेक त्याच ग्रुपवर असतो.

पंखावर पट्टी किंवा पाठीवर टॅग असलेलं गिधाड दिसलं तर पट्टीचा रंग आणि क्रमांक टिपून तोही कळवा. आणि कधी रानात नुसताच टॅग पडलेला सापडला, तर खिशात घालून घरी आणू नका. जागेवर ठेवून फोन करा. नाहीतर रात्री गिधाडाचा ठिपका तुमच्या माजघरात दिसेल आणि पहाटे दारात वनखात्याची जीप उभी असेल.